फूड ग्रेड

"आनंदकडून मशीनचे पार्ट घेतोस, पण तो प्लास्टिक कुठून आणतो ते एकदा बघून ये," सासरे माझ्या नवऱ्याला, आमोदला म्हणाले होते. मीच हसले. "अहो बाबा, सोबत फूड ग्रेडचं, खाण्याच्या वस्तूंना चालतं असं, टेस्ट सर्टिफिकेट येतं!" बाळांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीत आमोद खरेदी बघतो, आणि पीठ ढवळणारी प्लास्टिकची पाती त्याचा हा मावसभाऊच पुरवतो.

खंडेनवमीच्या पूजेला आम्ही धायरीला आनंदभावजींच्या शेडवर गेलो. झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनमागे दळून वितळवायच्या प्लास्टिकच्या गोण्या होत्या. आत वापरलेल्या सिरिंज, सलाइनच्या नळ्या. एकीत रक्त वाळलेलं.

"घाबरू नका वहिनी, वितळलं की सगळं सारखंच. पांढरा रंग मिसळला की झालं फूड ग्रेड!" पेढा पुढे करत भावजी म्हणाले. मी पेढा न घेताच गाडीकडे निघाले.

परतताना गाडीत मी किंचाळलेच, "आमोद, तुला हे माहीत होतं?"

"म्हणून तर आपल्या स्पृहाला भरवायला कंपनीच्या खाण्याचा डबा कधी घरी आणला नाही," तो शांतपणे म्हणाला.



तुमच्या ओळखीत कुणी खरेदी खात्यात असेल, तर त्याची मुलं काय खात नाहीत, तेवढं बघून या.