पाच कॅचर

सौदीतल्या दम्माममध्ये सोमवारी सकाळचे सहा वाजले होते. कंपनीची बस साडेसहाला यायची आणि कादिर परकार बूट घालून, फोन समोर ठेवून सोफ्यावर बसला होता. शिकागोत या वेळी रात्रीचे दहा. आता नबीलचा फोन येणार आणि तो आपल्या बापाची बिनपाण्यानं करणार.

कारणही तसंच होतं. नबीलच्या दोस्तांच्या लीगमध्ये एक जागा रिकामी राहिली, म्हणून त्यानं अब्बांना घेतलं. अमेरिकेतले खरे बेसबॉलवाले निवडून मोबाइलवर आपली टीम करायची; ते तिकडे मैदानात खेळणार, गुण आपल्याला. कादिरनं जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता. पण दापोलीच्या शाळेत तो विकेटकीपर होता, आणि चांगला कीपर म्हणजे अर्धी टीम, हा त्याचा सिद्धांत. कॅचर म्हणजे त्यांचा कीपरच, असं कळल्यावर त्यानं एकदम पाच उचलले. एका वेळी खेळतो एकच. उरलेले चौघे बाकावर बसून राहिले आणि त्याची ‘दापोली डॉल्फिन्स’ पहिले तिन्ही आठवडे हरून बारा टीमांत बारावी आली.

“आज पण हरलात?” त्याच्या बायकोनं, आबिदानं, चहा ठेवत विचारलं.

“बघितलं नाय अजून. फोन येऊ दे.”

“मग ते चौघे काढत का नाय? पोरगा दर सोमवारी ओरडून सांगतो.”

“काढले तर ओरडेल कशाला?”

नबीलचा फोन एरवी ईदला यायचा. सलाम, तब्येत, अम्मीला द्या, खलास. या तीन सोमवारी मात्र तो पाऊण-पाऊण तास बोलला होता. वैतागला, हसला, मधेच आज काय जेवलो ते सांगितलं, एकदा तर पाठ दुखते म्हणाला. गेल्या सोमवारी तो “अब्बा, तुम्ही वेडे आहात का?” म्हणाला, तेव्हा कादिरला इतका आनंद झाला की त्याची बस चुकली. खेळाचे नियम त्याला दुसऱ्याच आठवड्यात पाठ झाले होते. पण त्या बाकावरच्या चौघांना हात लावायची त्याची छाती होत नव्हती. या आठवड्यात तर त्यानं टीम उघडूनही पाहिली नाही. हरायला काही करावं लागत नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला, पण वाजला नाही. मेसेज होता.

‘अब्बा, लीग मीच चालवतो ना, म्हणून गेल्या सोमवारीच तुमची टीम ऑटोवर टाकली. चार कॅचर काढले, चांगले प्लेअर घेतले. आता कॉम्प्युटर सगळं बघेल. तुम्ही टेन्शन घेऊ नका. आणि तुम्ही जिंकलात! काँग्रॅट्स!’

कादिरनं टीम उघडली. बाराव्या नंबरवरून ती नवव्यावर गेली होती. त्याचे चौघे कुठेच नव्हते. त्यांच्या जागी चार अनोळखी माणसं होती आणि ती भराभर गुण मिळवत होती. मुलानं हे मायेनंच केलं, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच रागवायलाही जागा नव्हती. त्याला फार वाईट वाटलं. एवढं वाईट तर नबील अमेरिकेला गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा फोन येतील असं वाटायचं.

“जिंकलात?” आबिदा त्याच्या खांद्यावरून वाचत होती. “मग तुम्हीच करा की फोन. सांगा त्याला, जिंकलो.”

“त्यानंच जिंकवलं. त्याला काय सांगू?”

तरी त्यानं फोन उचलला. एका बोटानं, सावकाश लिहिलं, ‘शुक्रिया बेटा. मग पुढच्या सोमवारी बोलू ना?’

आबिदा ट्रे घेऊन आत गेली. उत्तर आल्याचा आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू आला.

“काय बोलतो?” तिनं आतूनच विचारलं.

कादिरनं उत्तर दोनदा वाचलं.

“बोलतो, आता गरज नाय.”