तड्यावरची काच

जुन्या सार्वजनिक इमारतींच्या पाहणीत विश्रांतवाडीचा बंद दवाखाना माझ्या वाट्याला आला. भिंतीला उभा तडा होता. तो रुंदावतोय का ते कळावं म्हणून मी त्यावर काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला की काच फुटते.

अख्खा पावसाळा गेला. काच शाबूत.

“अहो अस्मिता मॅडम,” आमचे रणजित सर म्हणाले, “इमारत धोकादायक ठरवायचीय. बिल्डर तुमच्या काचेची आरती करणार आहे का?”

अहवाल आधीच टाइप झाला होता. फक्त फोटो हवा होता. सरांनी गाडीच्या किल्लीने ठोकून पट्टी फोडली आणि मापाचा अंदाज यावा म्हणून तड्यावर पंजा ठेवून उभे राहिले. मी फोटो काढला. ते फोन लावत व्हरांड्यात गेले.

मी मोबाइलमध्ये पाहिलं. फोटोत काच अखंड होती. समोर तर तिचे तुकडे फरशीवर पडले होते.

फोटोतल्या भिंतीला तडाच नव्हता. तो सरांच्या पंजातून निघून मनगटावरून, गळ्यावरून थेट कपाळापर्यंत गेला होता.

व्हरांड्यात काच तडकल्यासारखा बारीक आवाज झाला.

“हो हो, उद्याच पाडा, काही—” म्हणता म्हणता सर थांबले.