उकिरड्यावरची पणती

दिवाळीच्या पाडव्याची पहाट होती. सोजराबाई घरातला केर सुपात भरून, त्यावर पेटती पणती ठेवून परसात आली आणि खताच्या खड्ड्याच्या काठाशी थबकली. पाडव्याला केर आणि पणती उकिरड्यावर ठेवून थाळी वाजवायची. पण उकिरडा होता कुठे? खड्ड्याच्या तळाला चुलीतली राख तेवढी पसरली होती.

तिचा सासरा भिमाजी आधीच काठावर उकिडवा बसला होता. इंद्रायणीकाठच्या रानातलं बाजरीचं कणीस त्याच्या हातात होतं. करंगळीएवढं. त्याने ते तळव्यावर चोळलं, फुंकर मारली. भूसच उडालं. तो पचकन थुंकला.

"सालोसाल रानाला पाटीभर खत न्हाई. समदं शेण तू भिताडाला थापती. रानानं काय खायाचं, राख?"

"मग भाकरी कशावर भाजू, मामंजी?"

"सरपण आन. तुझी सासू न्हवती आनत?"

"त्यांच्या वक्ताला बांधावर बाभळी व्हत्या. त्या वीटभट्टीला कुनी घातल्या? पिंपरीला कारखाना व्हतोय, इटा लागत्यात, म्हनून मिशीला पीळ देत तुमीच गाडी जुपली व्हती न्हवं?"

भिमाजीने तोंड फिरवलं. समोरची भिंत खालपासून वरपर्यंत गोवऱ्यांनी भरली होती. प्रत्येकीवर सोजराबाईची पाच बोटं उठलेली. जन्म शेणात गेला, पण त्या वासाने त्याला कधी शिसारी आली नव्हती. आज आली.

तो उठला. सुपातली पणती उचलून तरातरा घरात गेला. सोजराबाई सूप घेऊन मागोमाग धावली.

"अवो मामंजी, सणाचं काय करताय?"

भिमाजीने चुलीपुढे बसून पणती आत, थेट राखेवर ठेवली.

"ह्यो आपला उकिरडा. वाजीव थाळी."

तो पाठ फिरवून बाहेर निघून गेला.

सोजराबाई चुलीकडे पाहत उभी राहिली. दारात गाय हंबरली. उजाडत आलं होतं आणि सणाचा सगळा स्वयंपाक व्हायचा होता. तिने सूप खाली ठेवलं. कोपऱ्यातली एक गोवरी घेऊन मधोमध मोडली आणि तिची कड त्याच पणतीवर धरली.