गाळलेली ओळ

"व्यायाम काय कुणाच्या मालकीचा असतो का?" जिमचे मालक धनाजी सर म्हणाले. "मान सगळेच फिरवतात."

धम्मप्रियानं आपली वही काउंटरवर उघडली आणि सरांच्या पुस्तकाशेजारी ठेवली. नव्या पेठेतल्या या जिममध्ये ती तीन वर्षं ट्रेनर होती. दर रविवारी कुंभारीला जाऊन, दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांच्या माना, पाठी, मनगटं बघून त्यांच्यासाठीच्या व्यायामांनी तिनं ती वही भरली होती. छापायच्या आधी एकदा नजर टाकतो म्हणून सरांनी ती नेली. चार महिन्यांनी वही परत आली, आणि त्याच आठवड्यात सरांच्या नावाचं पुस्तक आलं.

'मांडीवरचं सूप जरा उंच घ्या, म्हणजे मान कमी वाकेल.' हे वाक्यसुद्धा जसंच्या तसं. सरांनी जन्मात विडीच्या पानातंबाखूचं सूप मांडीवर घेतलं नव्हतं.

तिनं ते वाक्य दोन्हीकडे बोट ठेवून दाखवलं. सरांनी पुस्तक मिटलं. ट्रेडमिलवरची माणसं ऐकत होती, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, की या पुस्तकातलं एक अक्षरही तिचं नाही. धम्मप्रियाची कानशिलं तापली. तिनं मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं.

तेवढ्यात एक बाई जिना चढून वर आल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या हातात तेच पुस्तक. नाव नीलम्मा, राहणार कुंभारी. सरांनी तिथं शिबिर घेतलं तेव्हा त्यांना हे पुस्तक मिळालं होतं. त्यांना आधीपासूनच अधूनमधून चक्कर यायची. लेकीनं वाचून दाखवलं तसा रोज सकाळी उभं राहून त्या मानेचा व्यायाम करायच्या. पाचव्या दिवशी गरगरलं आणि त्या उंबऱ्यावर पडल्या. मनगट मोडलं. चक्कर येणाऱ्या माणसाला मान गोल फिरवायला कुणी सांगितलं, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. तेच विचारायला त्या आल्या होत्या.

"हे कुनी लिवलंय?"

सरांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग धम्मप्रियाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हिनंच. सगळं हिचंच आहे, ताई. मी नुसतं छापलं."

हेच तर वदवून घ्यायला धम्मप्रिया आली होती. तिनं खांद्यावरचा हात उचलून बाजूला केला.

"व्हय, मी लिहिलंय," ती नीलम्मांना म्हणाली आणि वहीचं पान त्यांच्यापुढं धरून मोठ्यानं वाचलं. 'उभ्यानं करू नका. चक्कर येत असेल तर मान गोल फिरवायचीच नाही.' मग पुस्तकातलं तेच पान काढलं. त्या ओळींच्या जागी दंड फुगवलेल्या सरांचा फोटो होता.

नीलम्मांनी फोटो बघितला, मग सरांकडे बघितलं.

धम्मप्रियानं प्रवेशाचा एक कोरा फॉर्म उलटा केला आणि पेनासकट सरांपुढं सरकवला. "आत्ता बोललात ते लिहून द्या. वही कुणाची आणि ओळी कुणी गाळल्या, दोन्ही."

सर हसले. आधी चहा घेऊ म्हणाले. पुढच्या आवृत्तीत तिचंही नाव टाकू म्हणाले, ताईंच्या औषधपाण्याचंही बघू म्हणाले. पेनाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

नीलम्मा काउंटरसमोरच्या बाकावर बसल्या. प्लास्टरचा हात त्यांनी मांडीवर नीट ठेवून घेतला.

"लिवा, सर," त्या म्हणाल्या. "निवांत लिवा. दीड महिना माज्या हाताला कामच न्हाय."