इथली की आलेली

"ही गाठ इथलीच आहे, की दुसरीकडून इथे आली आहे, ते आधी ठरवायला हवं," डॉक्टर सुवर्णाबाई म्हणाल्या. समोर लहानू मांडीवरच्या पट्टीवर हात ठेवून बसला होता, शेजारी त्याची बायको सरुबाई. दोघं सायखेड्याहून पहिल्या एसटीनं नाशकात आली होती. गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट टेबलावर होता. कातडीचा काळा कॅन्सर.

"इथलीच असली तर?" सरुबाईनं विचारलं.

"तर भोवतालच्या मांसासकट काढून टाकू. बरं होण्याची आशा आहे. आलेली असली, तर रोग अंगात पसरलाय. मग आमच्या हातात फार काही उरत नाही. नुसत्या तुकड्यावरून नक्की सांगता येत नाहीये. काका, पूर्वी कुठे काळा डाग, तीळ होता? काढलेला, जाळलेला?"

"नाय बाई. कायबी नाय," लहानू म्हणाला.

सरुबाईची नजर त्याच्या टाचेकडे गेली. दोन वर्षांमागं, सिंहस्थाच्या साली, त्याच्या टाचेला काळं कुरूप झालं होतं. बिब्ब्याला सुई टोचून, दिव्यावर धरून, त्याच्या तेलाचे चटके तिनंच दिले होते. डाग गेला तेव्हा ती वस्तीभर मिरवली होती. पुढं अर्ध्या गावाच्या टाचा तिच्या हाताखालून गेल्या.

आपण गप्प बसलो की गाठ इथली ठरेल, आणि इथली ठरली की नवरा वाचेल, असं तिला वाटून गेलं. बिचारीचं गणित सोपं होतं. पण रोग काही डॉक्टरांना विचारून पसरत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

"मावशी, काही आठवतंय का?"

"त्यांची टाच बघा," ती कशीबशी म्हणाली. "उजवी."

डॉक्टर खाली बसल्या. टाच हातात घेतली. पांढरट वणाच्या कडेनं शाई फुटावी तसं काळं पसरलं होतं. त्यांनी जांघ चाचपली, तिथेही गाठी हाताला लागल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. गाठ कुठून आली ते आता विचारायचं राहिलं नव्हतं.

"हे जाळलं कुणी?"

सरुबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात लहानूनं पाय ओढून घेतला.

"म्याच जाळलं, बाई," तो म्हणाला. "ही नको नको म्हनत व्हती."