कामठ्याचं पहिलं गिऱ्हाईक

"कॉम्प्युटरचं कॅबिनेट मी एकटी खोलनार नाही," रुची म्हणाली. "तुमी दोघंबी समोर बसा."

भैय्यालाल आणि शामकलाबाई, घरचे नवरा-बायको, खुर्च्या ओढून समोर बसले. तसेही ते मघापासून तिच्यावरची नजर हटवत नव्हते.

कुडव्यात रिपेअरिंगचं दुकान टाकून रुचीला पाच महिने झाले होते. पोरीच्या हातात कॉम्प्युटर द्यायला कोणी धजत नव्हतं. वडिलांनी, म्हणजे कुंजीलालांनी, दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर गिऱ्हाईक जमलं नाही तर शटर कायमचं खाली. पण काल त्यांनीच कामठ्याचा हा पत्ता आणून दिला. ओळखीचे लोक आहेत, नीट काम कर, म्हणाले. बाप विरघळला, याचंच तिला अप्रूप वाटलं होतं.

घरात शिरल्यापासून मात्र काहीतरी खटकत होतं. कॉम्प्युटर मुलाचा, इंद्रकुमारचा. तो नागपुरात नोकरीला. कधीपासून बंद आहे विचारलं, तर नवरा म्हणाला परवापासून, बायको म्हणाली महिना झाला.

मग शामकलाबाईंनी वही पुढे केली होती. "पूरं नाव लिहून दे, बाई. घरात कोन आलं, कोन गेलं, मालूम राहाले पाह्यजे." ती लिहीत असताना दोघंही वाकून अक्षर बघत होते. नंतर भैय्यालालांनी तिला परसातल्या मेन स्विचपर्यंत पाठवलं, लाइन बघायला. घरातले पंखे गरगर फिरत असताना. ती परत आली तेव्हा दाराशी दोन शेजारणी येऊन उभ्या होत्या.

रुचीने बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच. लांब लांब बीप ऐकू येऊ लागले. तिने वायर काढली, स्क्रू सोडवले आणि बाजूचं झाकण उतरवलं. आत बोटभर धूळ होती. धुळीत बोटांचे ताजे ठसे होते आणि रॅमची जागा रिकामी होती.

हे गोंदियातल्या मुन्नालालचंच काम, तिला वाटलं. त्याचं रिपेअरिंगचं दुकान जुनं, आणि "ये लडकियों का काम नहीं" हे त्याने तिला दोनदा तोंडावर ऐकवलं होतं. आता पार्ट चोरल्याचा आळ घातला की झालं. गावभर बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो?

"काकाजी, रॅम कोनीतरी काढला. मी येन्याच्या आधीच. हे ठसे पाहा."

"तू कायले घाबरून राहिली?" शामकलाबाईंनी विचारलं.

"घाबरत नाही. पन चोरीचा आळ नाही घेनार."

भैय्यालालांनी बायकोकडे पाहिलं. ती उठली, आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. डब्यात फडक्यात गुंडाळलेला रॅम होता.

रुचीच्या डोक्यात सणक गेली. बॅग उचलावी आणि चालू पडावं, असं वाटलं. पण मग पोरीला जमलं नाही, असंच सगळ्यांनी म्हटलं असतं. तिने रॅमच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, तो जागेवर दाबून बसवला, वायर जोडली आणि बटण दाबलं. एकच बारीक बीप झाला आणि स्क्रीन उजळली.

"मुन्नालालनं सांगितलं ना तुमाले हे कराले?"

"कोन मुन्नालाल?" भैय्यालालांना खरंच माहीत नव्हतं. "काम येते का नाही, डोक्सं थंड हाय का नाही, तेवढं पाहाचं होतं आमाले. पाहून घेतलं. पास झाली तू."

रुचीचा जीव भांड्यात पडला. दारातली शेजारीण म्हणाली, "आमच्या इथलाबी बंद पडून हाय, बाई. जाता जाता पाहून जाजो." दुसरीने शाळेतल्या चार बंद कॉम्प्युटरांची खबर दिली. रुचीला हसू आवरेना. एका सकाळीत दुकान वाचलं होतं. ती वाकून झाकणाचे स्क्रू आवळू लागली.

भैय्यालाल फोन कानाला लावून ओसरीवर गेले. त्यांचा आवाज काही बारीक नव्हता.

"हव, कुंजीलालभाऊ. इंद्रकुमारले फोटो पसंत होताच, आता पोरगी आमालेबी पसंत हाय. लग्नानंतर दुकान बंद कराचं, हे तुमी सांगता का तिले, का आमीच सांगून देऊ?"