चहा सांडला म्हणून

"माझ्याकडून चहा सांडला या लॅपटॉपवर," मार्तंडरावांनी दुकानात पाऊल टाकता टाकताच सांगून टाकलं. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं. चाळीस वर्षं विमा कंपनीत काढूनही खोटं बोलण्यात हा माणूस कच्चाच राहिला होता. शेजारी उभ्या असलेल्या माणिकताईंनी नवऱ्याकडे रागाने पाहिलं. हा राग चार दिवस चालू होता आणि मार्तंडरावांना तो हवाच होता. ती आपल्यावर चिडलेली आहे तोवर स्वतःला दोष देणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

पार्ल्यातल्या गल्लीतलं हे दुरुस्तीचं दुकान दर्शनाचं. तिने लॅपटॉप घेतला, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, स्क्रीन मात्र काळीच. तिने दुकानातला मॉनिटर जोडून पाहिला, तोही काळा. बॅटरी काढून बटण बराच वेळ दाबून धरलं. काही उपयोग झाला नाही. आठ वर्षांचं मशीन आहे, फार आशा धरू नका, असं ती म्हणाली.

आशा फार नव्हतीच, इवलीशी होती. लॅपटॉप त्यांच्या मुलीचा, सईचा. सई गेल्या वर्षी श्रावणात तापाने गेली, चौतिसाव्या वर्षी. तिचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. रोज दिवेलागणीला माणिकताई लॅपटॉप उघडायच्या. पासवर्ड मागणारी पहिली स्क्रीन यायची, तीत गोल चौकटीत सईचा हसरा फोटो आणि खाली तिचं नाव. स्क्रीन आपोआप विझेपर्यंत त्या बघत बसायच्या आणि मग स्वयंपाकाला लागायच्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो आलाच नाही.

वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा हा पहिला दसरा. माणिकताईंनी पाटावर कात्री, मार्तंडरावांचं पेन आणि मधोमध सईचा लॅपटॉप उघडून मांडला होता. फुलाने पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी काळी स्क्रीन पाहताच मार्तंडरावांच्या डोक्यात सगळा उलगडा झाला आणि त्याच क्षणी त्यांनी चहा सांडल्याचं कबूल केलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतलासुद्धा नव्हता.

दर्शनाने खालचं झाकण उघडलं, मेमरीची पट्टी उपसली आणि थबकली. खाचेत लाल थर बसला होता, एक तांदळाचा दाणाही अडकला होता. तिने मान वर करून मार्तंडरावांकडे पाहिलं. त्यांचे डोळे जणू हात जोडून उभे होते.

"चहाच आहे काका," ती म्हणाली. "साखरेने चिकटलंय सगळं."

मार्तंडरावांना वाटलं, या पोरीच्या पाया पडावं.

मग तिने पट्टीची टोकं खोडरबरने घासायला घेतली. जुन्या मशीनला पुष्कळदा एवढ्यानेच जीव येतो, म्हणून तिचा हात नेहमीच्या सवयीने चालला. खालच्या पांढऱ्या कागदावर खोडरबरचा चुरा पडू लागला आणि तो लाल होता. ते लक्षात आल्यावर तिने घाईने चुरा तळव्याने सारला, तर तळवाही लाल झाला. मार्तंडराव बायकोच्या समोर येऊन उभे राहिले, पण उशीर झाला होता.

पट्टी परत बसवून तिने बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. तिघं काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

"बोर्डाचीच वाट लागलीय काकू," शेवटी दर्शना म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "पण आतलं सगळं शाबूत असणार. फोटो, मेल, जे असेल ते काढून देते ना मी."

माणिकताईंनी मान हलवली. आतलं तिचं आहे, ते आपण कशाला उघडायचं, असं त्या पुटपुटल्या. त्यांना फक्त ती पहिली स्क्रीन हवी होती.

मग त्यांनी कागदावरचा चुरा चिमटीत घेतला आणि बोटांत चोळला. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. तो राग चार दिवस मार्तंडरावांनी जपून ठेवला होता.

"अगं, जुनाच होता तो," ते घाईने म्हणाले. "आज ना उद्या जाणारच होता."

"दर दसऱ्याला मी यावर कुंकू वाहायचे, आणि माझी पाठ वळली की ती गुपचूप पुसून टाकायची," माणिकताई शांतपणे म्हणाल्या. "तिला वाटायचं, आईला कळत नाही. मला माहीत होतं हो. म्हणून तर मी सढळ हाताने वाहायचे."

त्यांनी बोटं पदराला पुसली.

"यंदाही तेवढंच वाहिलं."